मॅडम, तुम्हाला तर माहितीये ना उत्तर?

सहावीच्या वर्गात एका मुलाने मला हे विचारलं आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी चिडले होते. फळ्यावर कोन काढला होता, उजळणी चालू होती, विचारलं हा कुठला कोन, तो उभा राहिला, फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तर माहितीये ना?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मला वाटलं आगाऊपणा करतोय. खाली बस म्हटलं, पुढच्याला विचारलं, तो म्हणाला लघुकोन, शाब्बास, झालं. रात्री वह्या तपासताना का कोण जाणे त्या पोराचा चेहरा परत आठवला. तो चेहरा चेष्टा करणाऱ्याचा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की जिने स्वतः कोन काढलाय ती बाई मला का विचारतेय.

आता माझ्या घरी काय व्हायचं सांगते. मी लहान असताना आई-बाबा दिवसभर असलेच प्रश्न विचारायचे, हा रंग कुठला, गाय कशी ओरडते, सात आठे किती. त्यांना सगळं माहिती असायचं, मलाही कळायचं की त्यांना माहिती आहे, तो एक खेळ होता आणि शाळेत गेल्यावर तोच खेळ पुढे चालू झाला. त्यामुळे असा प्रश्न कुणाला विचित्र वाटू शकतो हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं, नोकरीला चौदा वर्षं झाल्यावरसुद्धा.

मग वाचायला लागले. शर्ली ब्राइस हीथ नावाच्या एका अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या कॅरोलायना भागात, शेजारशेजारच्या वस्त्यांमध्ये कित्येक वर्षं राहून-फिरून मुलं घरी बोलायला कशी शिकतात ते बघितलं होतं. एका वस्तीत मोठी माणसं मुलांना माझ्यासारखे, म्हणजे उत्तर माहिती असलेले प्रश्न, जवळजवळ विचारायचीच नाहीत. हे कशासारखं दिसतं, तिकडे काय झालं, असे खरे प्रश्न असायचे. तीच मुलं शाळेत आली की गप्प, आणि शिक्षकांचा समज असा की यांना येत नाही. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्या हजेरीवर "सहभाग कमी" असा शेरा मारलेली निदान पंधरा नावं होती.

तर त्यानंतर जे वर्षभर केलं त्याची ही गोष्ट. नीट आखून वगैरे काही केलं नाही, जमेल तसं, अडखळत.

पहिलं म्हणजे फोन टेबलावर ठेवून स्वतःचाच तास रेकॉर्ड केला. हे कुणीही करून बघा पण एकट्याने ऐका, कारण लाज वाटते. वर्गात मुलं अडतीस, घरच्या भाषा माझ्या हिशेबाने सात, तास पस्तीस मिनिटांचा. मी प्रश्न विचारले बावन्न. उत्तरं आली ती जास्तकरून सहाच मुलांकडून, आणि ती सहाच्या सहा मुलं अशा घरातली होती जी साधारण माझ्या घरासारखी. आणखी एक गोष्ट म्हणजे प्रश्न विचारून मी थांबतच नव्हते. प्रश्न, लगेच "हं, कोण सांगेल", लगेच "अरे सोपं आहे", आणि मग उत्तर मीच. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी हे 1970च्या दशकातच मोजून ठेवलंय, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंदांच्या वर नेलं की उत्तरं लांब येतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात, मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, वर्गासमोर उभं राहून शांत थांबून बघा, युगं लोटतात. मी मनात एक... दोन... तीन म्हणायचे आणि दोनलाच तोंड उघडायचं.

पण थांबायचं का, हे मला नंतर कळलं. ज्या मुलाला प्रश्न एका भाषेत ऐकून दुसऱ्या भाषेत विचार करून परत पहिल्या भाषेत उत्तर जुळवायचंय त्याला एक सेकंद म्हणजे थट्टाच. माझ्या वर्गात एक मुलगी होती, दोन वर्षांपूर्वी आलेली, मधल्या सुट्टीत अशी फाडफाड मराठी बोलायची की मी ठरवून टाकलं होतं हिला भाषेचा प्रॉब्लेम नाही, मग विज्ञानात का मार्क पडत नाहीत, म्हणजे अभ्यासच करत नाही. जिम कमिन्स या भाषेच्या अभ्यासकांनी 1979 मध्ये हाच फरक सांगितला होता, आणि पुढे त्याचा हिशेबही मांडला, की गप्पा मारण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते पण "यावरून असा निष्कर्ष निघतो की" ही पुस्तकातली भाषा वयाच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. मी तिच्या सुट्टीतल्या गप्पांवरून तिच्या पेपरचा न्याय करत होते.

आकड्यांचंही तसंच. हीच मुलगी त्रेचाळीस म्हटलं की 34 लिहायची. आधी वाटलं निष्काळजी आहे. मग एकदा तिला म्हटलं तुझ्या भाषेत म्हण, तर तिच्याकडे आधी चाळीस येतात मग तीन. आपण काय म्हणतो, त्रे-चाळीस, तीन आधी. आणि एकोणपन्नास तर कहरच, चाळीशीतला आकडा आणि नाव पन्नासचं! आपल्याला त्यात काही वाटत नाही कारण ते आपण लहानपणीच गिळलेलं असतं. जर्मनमध्ये आपल्यासारखंच तीन आधी आणि चाळीस नंतर, चिनीत सरळ चार-दहा-तीन. बिचारी ऐकलेल्या क्रमाने लिहीत होती, चूक कसली. त्या दिवशी तिने फळ्यावर तिच्या भाषेतले दहाचे टप्पे लिहून दाखवले आणि बाकीच्यांनी म्हणून बघितले, त्यात अर्धा तास गेला आणि पोर्शन मागे पडला. पडू दे.

मग ठरवलं की घरी जायचं. याची कल्पनाही माझी नाही, 1992च्या आसपास अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉनला लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मुलांच्या घरी पाठवलं होतं, आणि त्यात अट अशी की शिकवायला जायचं नाही, तक्रार करायला तर नाहीच, या घरात लोकांना काय काय येतं हे शिकून यायचं. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात मी पहिल्या घरी गेले तर मुलीचा चेहरा पांढराफटक, आई दारातच म्हणाली, "काय केलं हो मॅडम हिने?" काही नाही हो, सहज आले, हे पटवायला वीस मिनिटं. मास्तर-मॅडम सहज येत नाहीत हे लोकांना पक्कं माहितीये.

त्याच घरची गोष्ट सांगायची आहे. मी बोलता बोलता म्हटलं की वर्गात फार गप्प असते. तर ती माऊली खूश झाली! "हो ना? मी सांगितलंय तिला, मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही." म्हणजे मी ज्याला अडचण म्हणत होते ते त्या घरात चांगलं वळण होतं, आणि पोरगी ते वळण इमानेइतबारे पाळत होती, आणि मी तिचे सहभागाचे मार्क कापत होते. काय बोलणार.

घरात शिलाईचं काम चालायचं. पोरगी बाजूला बसून आईला माप सांगत होती आणि मी नुसती ऐकत राहिले, "पावणेदोन मीटर आहे, यातून सव्वा गेलं की अर्धा उरतो, अस्तराला पुरेल." ही मुलगी आदल्या आठवड्यात अपूर्णांकांच्या चाचणीत दहापैकी दोन मार्कांवर होती. एक पूर्णांक तीन छेद चार वजा एक पूर्णांक एक छेद चार हे तिने सोडूनच दिलं होतं. तेच गणित! कापड बेतताना ती बोटावर करत होती. सव्वा, दीड, पाऊण, अडीच, आपल्या भाषेत अपूर्णांकांना चांगली नावं आहेत आणि आपण शाळेत ती बाजूला ठेवून छेद-अंशच घोकून घेतो.

ब्राझीलमधला एक प्रसिद्ध अभ्यास आहे, 1985 मधला, कराहेर आणि श्लीमान यांचा. बाजारात विक्री करणाऱ्या 9 ते 15 वयाच्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले, 98.2 टक्के बरोबर. मग तशीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर 36.8 टक्के. मुलं तीच, डोकं तेच. मुलं पाचच होती, त्यामुळे यावरून जग जिंकायला जाऊ नये, पण मला पाचही लागली नसती, मला माझी एक पुरली. दुसऱ्या दिवशी तिला फळ्याजवळ बोलावलं आणि म्हटलं एक पूर्णांक तीन छेद चार म्हणजे तुमच्या घरी काय म्हणतात? ती बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "हे पावणेदोन आहे?" तो आवाज मी विसरणार नाही. लगेच सगळं जमलं असं काही नाही हां, छेद वेगळे आले की परत गाडी अडायची, सारखं इकडून तिकडे भाषांतर करून घ्यावं लागलं, दोन महिने गेले.

इथपर्यंत वाचून वाटेल की बाईंना किल्ली सापडली. मलाही तसंच वाटलं होतं आणि तिथेच माती खाल्ली.

झालं असं की हे सगळं वाचून आणि दोनचार घरं बघून मी हुशार झाले. अमक्या घरातली मुलं अशी, तमक्यांच्यात तसं, माझ्या डोक्यात कप्पे तयार झाले. एक मुलगी होती मागच्या बाकावर, नजर खाली, विचारलं तर उत्तर नाही, मी मनात म्हटलं ठीक आहे, हिच्याही घरी तेच वळण असणार, आपण आदर करूया, दबाव नको. दोन महिने मी तिला एकही प्रश्न विचारला नाही आणि स्वतःला समजूतदार समजत राहिले. शेवटी शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा कळलं की तिला एका कानाने फारच कमी ऐकू येतं. डावा कान. आणि मी उभी राहायचे तिच्या डाव्या बाजूला. जागा बदलली तर आठवड्याभरात ती बोलायला लागली, आणि अशी बोलायला लागली की गप्प बस म्हणायची वेळ आली. संस्कृती वगैरे काही नव्हतं, तिला ऐकू येत नव्हतं. हे लिहितानाही अजून टोचतं.

म्हणून आता कुणी "त्यांच्यात असंच असतं" म्हणालं की मला भीती वाटते. माझ्याच वर्गात दोन चुलतभाऊ होते, एकाच छपराखाली वाढलेले, एक बोलायचा थांबत नाही आणि दुसऱ्याच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते. घर कळलं म्हणजे मूल कळलं असं नाही, घर कळलं की विचारायला चार जास्त प्रश्न मिळतात एवढंच.

गटात काम करण्याचाही एक मोठा अध्याय झाला. माझ्याकडे तीन मुलं होती जी सतत एकमेकांच्या वह्यांत बघायची आणि मी वर्षानुवर्षं त्याला कॉपी म्हणत आले. सुझन फिलिप्स यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या मूळनिवासी मुलांबद्दल लिहिलंय, एकट्याला उभं करून विचारलं की गप्प, पण मुलांनी मिळून आपापलं काम चालवलं की तीच मुलं जोरात, कारण घरी शिकायची रीत बघून-बघून आणि भावंडांबरोबर करून शिकण्याची. आणि हवाईत 1970च्या दशकात कॅथरिन आऊ वगैरेंनी बघितलं की वाचनाच्या तासाला मुलांना एकमेकांच्या बोलण्यात बोलू दिलं, एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं करू दिलं, तर त्यांचं लक्ष धड्यावर जास्त राहतं. मला ऐकताना गोंगाट वाटला असता. माझं आवडतं वाक्य कुठलं तर "एकेकाने बोला". यातली गंमत म्हणजे तोच हवाईतला कार्यक्रम नंतर नवाहो या अमेरिकेतल्याच मूळनिवासी जमातीच्या मुलांच्या शाळेत नेला तर तसाच्या तसा चालला नाही, गट दोनतीन जणांचे करावे लागले आणि मुलगे-मुली वेगळे बसवावे लागले. म्हणजे इथली युक्ती तिथे नाही.

मी उत्साहाने सगळंच गटात करायला लागले, मार्कसुद्धा गटाला. ती तीन मुलं फुलली. पण एका मुलाचे वडील भेटायला आले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याच्या चुकीचे मार्क माझ्या मुलाचे का जावेत?" आधी मला वाटलं काय स्वार्थी माणूस आहे. मग वाटलं की बरोबर बोलतोय हा, त्याच्या घरात ज्याने-त्याने आपलं काम नीट करायचं हे वळण आहे, आणि ते वळण पण वळणच आहे की. इतकी वर्षं शाळा त्याच्या मुलाच्या सोयीची होती आणि आता मी दुसऱ्या टोकाला जाऊन त्याची गैरसोय केली होती, त्याने कुणाचं भलं होणार. तेव्हापासून असं केलं, बोलायचं मिळून, कच्चं काम मिळून, शेवटचं उत्तर ज्याचं त्याने लिहायचं. दोन्हीकडची पोरं कुरकुरली, म्हणजे बहुतेक बरोबर असावं.

आणि अजून एक ठरवलं, शाळेचे न सांगितलेले नियम सांगून टाकायचे. स्पष्ट. "हे बघा, शाळेत एक अजब पद्धत आहे, मॅडमला उत्तर माहिती असतं तरी ती विचारते, कारण तिला तुम्ही कसा विचार केला ते ऐकायचं असतं." हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अर्धा वर्ग "हॅ, हे काय सांगायचं" अशा चेहऱ्याने आणि अर्धा वर्ग "अच्छाऽऽ" अशा चेहऱ्याने. कुठला अर्धा कुठला ते तुम्हाला कळलंच असेल. तसंच खाली नजर ठेवली तरी चालेल, हात वर न करता शेजाऱ्याच्या कानात उत्तर सांगितलं तरी चालेल, पण पेपरात मात्र कारण लिहायचं, "दोघांनाही माहितीये मग कशाला लिहू" चालणार नाही, तपासणारा तुम्हाला ओळखत नाही.

आता त्या कोनवाल्या मुलाचं सांगते, ज्याने हे सगळं सुरू केलं. त्याच्या घरी रंगकाम करतात, वडील, काका सगळे. वर्षाच्या मध्यावर काळ-काम-वेगाचं गणित दिलं होतं, 4 रंगारी एक घर 6 दिवसांत रंगवतात तर 12 रंगारी किती दिवसांत? त्याने लिहिलं होतं: "5 दिवस तरी लागतील." मी लाल गोळा केला. मग आठवलं आपण काय ठरवलंय, आणि बोलावून विचारलं का रे. म्हणाला, मॅडम 12 माणसं एका घरात मावणार कुठे, एकमेकांच्या शिडीत पाय अडकतील, आणि पुट्टी वाळल्याशिवाय पहिला हात मारता येत नाही, पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही, वाळायला माणसं वाढवून काय होतंय. मी काय बोलू? त्याचं बरोबर होतं, पुस्तकातलं घर तसं रंगत नाही.

लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1931-32 मध्ये मध्य आशियातल्या शेतकऱ्यांना असाच प्रश्न विचारला होता, उत्तरेकडे बर्फ असतो तिथे सगळी अस्वलं पांढरी, अमुक जागा उत्तरेला आहे, तिथलं अस्वल कुठल्या रंगाचं? आणि शाळेत न गेलेली माणसं साधारण म्हणायची की मी तिथे गेलो नाही, जे बघितलं नाही त्याबद्दल कसं सांगू, ज्याने बघितलंय त्याला विचारा. लुरियाने याचा अर्थ लावला की यांना अमूर्त विचार जमत नाही. पण थोडं शाळेत गेलेली माणसं "पांढरं" हे उत्तर आरामात द्यायची. शाळा काय शिकवते तर दिलेल्या वाक्याला तेवढ्यापुरतं खरं धरायला, बाहेरचं माहिती असलेलं दाराशी चपलांसारखं काढून ठेवायला. हे शिकणं कामाचं आहे यात वादच नाही, पण ती एक वेगळी सवय आहे आणि ती कुणीतरी सांगावी लागते, ज्याला सांगितली नाही तो ढ नसतो.

मी त्याला तसंच सांगितलं, की बाबा हा एक खेळ आहे, या खेळात भिंती लगेच वाळतात आणि माणसं कधी एकमेकांना आडवी येत नाहीत, एवढं धरून चाल. तो म्हणाला, "मग सोपंय." आणि अर्ध्या मिनिटात उत्तर काढलं.

वार्षिक परीक्षेला मुद्दाम तसलंच एक गणित घातलं होतं, आकडे बदलून, 5 रंगारी 6 दिवस तर 10 रंगारी किती. त्याने पायऱ्या एकदम नीट लिहिल्या, कारण लिहिलं, आणि शेवटी चौकट करून त्यात लिहिलं, उत्तर – 3 दिवस. आणि चौकटीच्या बाहेर बारीक अक्षरात कंस करून, (गणितात).

पूर्ण मार्क दिले. मॉडरेशनला पेपर बघणाऱ्या मॅडमनी त्या कंसावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून पाठवलंय, त्यांच्याशी बोलायचं अजून राहिलंय.